दहा वाजताचे अकरा रुग्ण

ती. आत्यास साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, तेव्हा वाकलो तेवढं गोड मानून घे).

तुझे गुडघे बरे असतील. दातांच्या दवाखान्यात तीस वर्षं वेळा देणारी तू, आणि तुझ्या खुर्चीवर मी कॉम्प्युटर आणून बसवला, म्हणून तू माझ्याशी बोलत नाहीस. बोलू नकोस, पण भाच्याचा पराक्रम तरी वाच. मी त्या कॉम्प्युटरसाठी दवाखान्याच्या कामाचं मॉडेल काढलं, म्हणजे चौकटी आणि बाण. 'रुग्ण' म्हणजे कोण, 'वेळ' म्हणजे काय, वेळ देण्याची ही सेवा काय मागते आणि काय देते, सगळं अर्थासकट. ते वाचून कोणाचाही फोन आपणहून आपल्या दवाखान्याशी बोलतो आणि वेळ ठरवतो, मध्ये माणूस लागत नाही! शाळेत मी काढलेला बैल लोकांना टेबल वाटायचा, त्याच हातानं हे काढलं. आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी ते भिंतीवर लावलंय (जिन्यातल्या, पण भिंत ती भिंत).

सोमवारी सेवा सुरू झाली. दहाच्या ठोक्याला अकरा जण हजर, अकराही जणांची दाढ ठणकतेय आणि अकराही जणांना दहाचीच वेळ. एक आजोबा सुजला गाल धरून मला पुष्कळ बोलले (निम्मंच कळलं, तेवढंही पुरलं). डॉक्टर चिमटा घेऊन बाहेर आले, तेव्हा वाटलं, पहिली दाढ माझीच. पण आत्या, ऊर भरून यावा अशी गोष्ट ही, की कॉम्प्युटर तसूभरही चुकला नाही! मॉडेलमध्ये होतं तेच त्यानं केलं. एकाला दिलेली वेळ दुसऱ्यासाठी उरत नाही, एवढंच काढायचं माझ्याकडून राहिलं. आता हे काय सांगावं लागतं? तू नाव लिहिलंस की त्या वेळेवर काट मारायचीस, कोणी न सांगता. मीही तो राहिलेला बाण लगेच जोडला.

तुझा (मान अजून ताठ असलेला) भाचा

ता. क. आणखी काय काय राहिलंय ते मात्र मला कळत नाही. घाबरट माणसाला सकाळची पहिलीच वेळ द्यावी, म्हणजे तो पळत नाही, हे तू कुठे लिहून ठेवलंयस का? नसेल तर दोन दिवस येऊन बसशील? तू सांग, मी चौकटी काढतो. माझं चुकलं, आत्या. हे आधी विचारायला हवं होतं.

दुसरं ता. क. खरं म्हणजे बोलावणं डॉक्टरांचं आहे. म्हणाले, "आत्यांना घेऊन या. त्यांना दारात सोडून तुम्ही परत गेलात तरी चालेल."