झबल्याचा धडा

मंगळवार, डोंबिवली

शिवणक्लासमध्ये पहिलं झबलंच शिकवतात, हे क्लासला नाव घालताना माझ्या लक्षात कसं आलं नाही? मूल व्हावं म्हणून चाललेले उपचार सुहासने आणि मी थांबवले, तेव्हा ठरवलं होतं की आता काहीतरी स्वतःसाठी. दिवाळीत स्वतः शिवलेला ब्लाउज घालायचा.

आज झबलं पूर्ण झालं. बाई म्हणाल्या, "गळा मस्त बसलाय हो! कोणासाठी?" मी म्हणाले, "भाचीसाठी." भाची कॉलेजात आहे. खोटं का बोलले? 'कोणासाठी नाही' म्हणायला काय झालं होतं?

घरी सुहासने ते स्वतःच्या हातावर पसरून बघितलं, कोपरापासून तळव्यापर्यंत. "एवढंसं असतं?" मग घडी घालायला लागला. जमेना. मी ते त्याच्याकडून घेतलं नाही.

पुढे फ्रॉक, मग परकर, ब्लाउज सगळ्यात शेवटी. फ्रॉक गाळला तर चालेल का, हे बाईंना विचारायचं होतं. पण भाचीचं सांगून बसले होते ना. उद्या मानपाडा रोडवरून फ्रॉकचं कापड आणायचंय. सुहास म्हणाला, "मी पण येतो गं."

रंग त्यालाच निवडू द्यावा.