अंधारातले हात

७ मार्च
आज संकलनाला बसून परिचारिकेची मुलाखत जुळवली. पंथातून पळून आलेल्यांपैकी ही एकटीच आमच्या माहितीपटात बोलायला तयार झाली. चेहरा काळोखात, आवाज बदललेला. दिसतात ते फक्त हात – बोटं गुडघ्यावर सारखा एक ठेका धरतात. इतकं बोलकं दृश्य! मी ते मुद्दाम लांबवलं.

८ मार्च
दिग्दर्शक खूश. ‘ताई, चेहऱ्याची गरजच नाही.’

११ मार्च
गुरूच्या गाडीच्या जुन्या चालकाची मुलाखत ऐकली. म्हणतो, दीक्षा देताना गुरू प्रत्येकाच्या तळहातावर एक ठेका वाजवतो. ज्याचा ठेका त्याचाच. अंधारातल्या साधनेत माणसं त्यावरूनच एकमेकांना ओळखतात.
म्हणजे मी चेहरा झाकला आणि नाव मात्र सांगून टाकलं! मला तो ठेका सुंदर वाटला होता. तिच्या भीतीत मी सौंदर्य शोधत होते का?

१२ मार्च
पंथाचे दोघे ऑफिसात आले. स्वच्छ कपडे, गोड बोलणं. कोण बोललं एवढंच विचारत होते. चहाही घेतला नाही.

१३ मार्च
घरी सासूबाईंना फोन आला. कुणीतरी त्यांच्या गुडघेदुखीची आपुलकीने चौकशी केली. ‘तुझा मित्र भारी सालस गं,’ म्हणाल्या. नवऱ्याला सांगितलं. तो थट्टेत म्हणाला, तुझी कात्री बघून पळतील. मग स्वतःच उठून कडी तपासून आला.

१५ मार्च
हात काढले. सगळे. तिथे रिकामी खुर्ची टाकली. दिग्दर्शक चिडला – चित्रपटाचा जीवच काढलास म्हणे. असेल! तिचा तर वाचला. तिला विचारायला हवं होतं का? पण फोन केला आणि त्यावरून तिचा माग लागला तर?

२ एप्रिल
काल माहितीपट टीव्हीवर दाखवला गेला. आज तिचाच फोन.
“हात का काढलेत? माझी लेक आत आहे. त्यांनी तिला सांगितलंय, आई मेली. काल गुरूने, बोललं कोण ते कळावं म्हणून, सगळ्यांना बसवून तुमचा चित्रपट दाखवला... मी तिच्यासाठीच तो ठेका धरला होता हो, बाई.”