समोरच्या दवाखान्याशी युद्ध

ती. वन्संना नमस्कार,

तुमचा गुडघा कसा आहे ते आधी कळवा, बाकीचं मागाहून. मागच्या पत्रात तुम्ही "बरा आहे" एवढंच लिहिलं होतंत, आणि तुम्ही बरा म्हणालात की तो बरा नसतो हे मला लग्न झाल्यापासून ठाऊक आहे. शेक घेत जा, जिन्याची चढउतार कमी करा, आणि माळ्यावरचं काही काढायला स्वतः स्टुलावर चढू नका. इकडे सर्व ठीक. मी ठीक, दुकान ठीक, तुमचे बंधुराजही प्रकृतीने ठीकच म्हणायचे, फक्त उजवा गाल सुजून कानाला टेकला आहे, त्याबद्दल पुढे येईलच. पत्राला खास कारण असं काही नाही. सहज आठवण झाली.

यांचं सेनापतींचं वेड तुम्हाला नवीन नाही. तुमच्याच घरातून ते इकडे आलं (माहेरून मी भांडी आणली, यांनी हे आणलं). मला त्या थोर माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, पण इतकी वर्षं त्यांच्या तसबिरींवरची धूळ पुसते आहे की आता ती मला सासरच्या माणसांसारखीच झाली आहेत. एक कोटात हात घालून उभा राहणारा. एक हत्ती घेऊन बर्फाचे डोंगर ओलांडणारा. आणि एक डोळा गेलेला तो आरमारवाला, ज्याला यांनी आमच्या चष्म्याच्या दुकानात नेमका डोळे तपासायच्या अक्षरांच्या तक्त्याशेजारी टांगला आहे. गिऱ्हाईक एक डोळा झाकून अक्षरं वाचू लागलं की समोर हा. मी म्हटलं, अहो, लोकांचा धीर सुटेल. तर म्हणाले, उलट, एका डोळ्यावर माणूस केवढं काम करू शकतो ते कळेल. मग चष्मा कोण घेणार, हे मी विचारलं नाही. संसारात सगळंच विचारून चालत नाही.

समोरचे दातवाले डॉक्टर तुम्हाला आठवत असतीलच. आमच्या दुकानाच्या बरोब्बर समोर, रस्त्यापलीकडे, खाली दवाखाना आणि वरच्या खोल्यांत ते एकटे. त्यांना सेनापतींचं काही नाही, त्यांचा जीव मुत्सद्द्यांवर. तह करणारे, करार करणारे, समोरच्याला बोलण्यात गुंडाळून अर्धा मुलूख मिळवणारे. (त्यांच्या मते असे बहुतेक थोर लोक दातांनी अधू होते. एकाची तर कवळी होती आणि तरी त्याने नवं राष्ट्र उभं केलं, हे ते कवळीला घाबरणाऱ्या प्रत्येक रोग्याला सांगतात.) तर दर रविवारी हे दोघे आमच्या जेवणाच्या टेबलावर एक जुनी लढाई मांडणार. हे सैन्य चालवणार, डॉक्टर दरबार सांभाळणार. पायदळाला माझ्या शिवणाच्या डब्यातली बटणं, तोफांना रिळं, गाड्यांना चष्म्याची घरं. आणि डोंगर डॉक्टरांचे. रोग्यांच्या दातांचे प्लास्टरचे साचे ते पिशवी भरून आणतात आणि ओळीने मांडतात. दुरून खरंच डोंगराची रांग वाटते. जवळ गेलं की बँकेतल्या साहेबांचा वरचा जबडा ओळखू येतो. त्यांचा पुढचा दात पडला आहे, ती खिंड.

हत्ती मात्र नाहीत. हत्तींच्या जागी ड्रॉपरची रबरी टोकं उभी करावी लागतात आणि दर वेळी तुमचा विषय निघतो, कारण लहानपणी तुम्ही यांचा लाकडी हत्ती जप्त केलात आणि शहाण्यासारखा वागलास की परत देईन म्हणालात. हे आजोबा व्हायच्या वयाचे झाले, हत्ती अजून तुमच्याकडेच. डॉक्टरांनाही त्याबद्दल तुमचा धाक आहे. मागे तुम्ही आला होतात तेव्हा स्वयंपाकघरातून येऊन "ताटं मांडायची आहेत" एवढंच म्हणालात, आणि दोन्ही सैन्यं क्षणात डब्यात गेली. असा सेनापती आपण पुस्तकातही पाहिला नाही, असं डॉक्टर नंतर मला म्हणाले.

आता भांडणाचं सांगते. निमित्त तो हत्तीवालाच. त्याने म्हणे केवढी तरी मोठी लढाई जिंकली आणि मग शत्रूच्या राजधानीवर गेलाच नाही. हे म्हणाले, घरच्या मुत्सद्द्यांनी वेळेवर कुमक पाठवली नाही, त्याला तो काय करणार. डॉक्टर म्हणाले, जिंकल्यावर काय करायचं हे त्याला कळलंच नाही, कोणीही शहाणा मुत्सद्दी त्याच संध्याकाळी तह करून मोकळा झाला असता. इथपर्यंत रोजचंच. मी भाजी चिरत होते, लक्षही दिलं नाही. पण मग हे म्हणाले की तुमचे मुत्सद्दी म्हणजे मुळं उपटणार आणि भोक तसंच ठेवून जाणार, काही दवाखान्यांसारखं. त्यावर डॉक्टर म्हणाले की तुमच्या सेनापतींना क्षितिज दिसतं आणि पायाखालचं दिसत नाही, काही दुकानांतल्या चष्म्यांसारखं. वन्सं, मेलेल्या राजांवरून माणसं किती भांडतील त्याला हरकत नाही, पण धंद्यावर गेलं की संपलं. डॉक्टरांनी सगळे डोंगर पिशवीत भरले आणि जिना उतरून गेले. टेबलावर सपाट मैदान उरलं आणि त्यावर यांची बटणं.

तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलेलं नाही. म्हणजे बघतात दिवसभर, दोन काचांमधून, पण ओळख देत नाहीत. आणि दैवाची गंमत बघा. डॉक्टर स्वतःच्या चष्म्यावर बसले. दांडी मोडली, एक काच तडकली, ती त्यांनी जखमेला लावायच्या चिकटपट्टीने जोडली आणि तसेच लोकांचे दात काढताहेत. इकडे यांची दाढ ठणकायला लागली. रस्ता ओलांडला तर दोघांचीही सोय आहे, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण या दोघांनी पुस्तकं वाचलेली. डॉक्टर भिंत चाचपत दवाखान्याची कडी लावताना दिसले की हे गाल धरून म्हणतात, सोंग आहे, मला बाहेर काढायचा डाव आहे, दुबळेपणा दाखवून शत्रूला पुढे ओढतात तो हा प्रकार. आणि यांचा गाल बघून डॉक्टर अगदी हेच म्हणत असणार, याबद्दल मला शंका नव्हती.

हसून सोडून दिलं असतं, पण परवा डॉक्टरांच्या खिडकीवर पाटी लागली, जागा भाड्याने देणे आहे. यांनी दुकानातून ती वाचली आणि म्हणाले, खोटी माघार. अगदी ठामपणे म्हणाले. आणि मग दिवसभर एकाच गिऱ्हाइकाची काच पुसत बसले. संध्याकाळी जेवायला नको म्हणाले. दाढेमुळे असेल असं मी स्वतःला सांगितलं, पण पेजही नको म्हणाले तेव्हा मी दाढेला दोष देणं सोडलं.

शेवटी मीच वकील होऊन गेले. दात दाखवायचं निमित्त केलं. डॉक्टरांनी ती चिकटपट्टी सावरत, नाक माझ्या तोंडात घालून बघितलं आणि म्हणाले, वहिनी, खालची डावी दाढ किडली आहे, काढावी लागेल. ती दाढ खोटी आहे, वन्सं. त्यांनीच बसवली आहे. मी तसं म्हणाले तेव्हा ते स्टुलावर बसले आणि हातातला आरसा पुसू लागले. मग म्हणाले, "मुलगा बोलावतोय केव्हाचा. आता इथे काय आहे माझं?" मला भरून आलं, पण तोंडात कापूस असताना माणसाला धड रडताही येत नाही. मी म्हटलं, समोर जा, चष्मा करून घ्या. तर म्हणाले, मी यायला एका पायावर तयार आहे, पण आधी पांढरं निशाण तिकडून दिसलं पाहिजे. घरी येऊन यांना विचारलं, तर शब्दाला शब्द तेच उत्तर. (एकाच पुस्तकातलं असणार. ते आमचंच आहे, डॉक्टरांनी नेऊन परत केलेलं नाही.)

तर असं सगळं आहे. तुम्ही उगाच काळजी करू नका. एवढ्या लांबचा प्रवास या गुडघ्याने करावा असं तर मी सुचवणारच नाही. दोन म्हाताऱ्यांचं भांडण, आज ना उद्या मिटेल. तब्येतीला जपा.

तुमची,
भावजय

ता. क. शनिवारच्या गाडीने या. माझ्याच्याने हे मिटत नाही. परक्या, तटस्थ आणि दोघांपेक्षा बलाढ्य अशा सत्तेने मध्ये पडलं तर दोघांनाही कमीपणा येत नाही, असं डॉक्टर जाता जाता बोलले, आणि मला अशी एकच सत्ता माहीत आहे. वन्सं रविवारी येताहेत आणि तुम्हाला टेबलाशी हजर राहायला सांगितलं आहे, असं मी दोघांना वेगवेगळं गाठून सांगून टाकलं आहे. दोघेही उभे राहिले. तेव्हा आता तुम्ही आला नाहीत तर मी तोंडघशी पडेन. गाडीत खिडकीजवळ बसा, पाय लांब करता येतो.

ता. क. दुसरा. काल पत्र पाकिटात घालायच्या आधी चादर वाळत घालायला गॅलरीत गेले होते. पांढरी, मोठी, पाहुण्यांची. (ती धुवायला झाली होती का? वन्सं, चादर धुतली तर बिघडत नाही.) पिळून जरा नीट पसरते आहे तोच समोरचं दार उघडलं आणि डॉक्टर पिशवी घेऊन, एक हात पुढे धरून, गाड्यांना थांबवत रस्ता ओलांडून आले. त्यांना चादर दिसली नाही, त्यांना निशाण दिसलं. यांना निशाण दिसलं नाही, यांना डोंगर दिसले. शत्रू स्वतःचे डोंगर घेऊन दारात उभा म्हटल्यावर यांनीही जागा करून दिली. डॉक्टर डोंगर मांडत होते आणि हे ते सरळ करत होते, कारण डॉक्टरांना धड दिसत नव्हतं. मग मी मध्ये पडून सांगितलं की आधी डोळे, मग दाढ, हा क्रम बदलायचा नाही. दुकान उघडून यांनी डॉक्टरांच्या नाकावर तपासणीची ती जाड चौकट चढवली, भिंगं घातली, आणि ती घालूनच डॉक्टरांनी दवाखान्यात नेऊन यांची दाढ काढली. बरोबर तीच काढली.

आता ऐका. डॉक्टर मला दाराशी हळूच म्हणाले, वहिनी, त्याने निशाण लावलं हे मी कधी बोलून दाखवणार नाही, हरलेल्याचा मान राखावा. आणि हे गालात बोळा धरून स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, पाहिलंस, डोंगर घेऊन स्वतः चालत आला, पण मी काही बोलणार नाही. दोघेही जिंकले आहेत. चादर मी घडी करून कपाटात अगदी खाली ठेवली आहे आणि हे फक्त तुम्हाला माहीत आहे. खिडकीवरची ती पाटीही उतरली. आज आरमाराची लढाई होती आणि समुद्र कमी पडला, म्हणून डॉक्टर जाऊन ती काढून घेऊन आले. सध्या ती आमच्या टेबलावर पालथी पडली आहे आणि तिच्यावरून रिळं चालली आहेत. आम्ही जमिनीवर बसून जेवतो. तेव्हा मध्यस्थीची गरज राहिली नाही, तुम्ही आला नाहीत तरी चालेल.

ता. क. शेवटचा. तरी याच. यांनी मला तुम्हाला विचारायला सांगितलं आहे, स्वतः विचारायला लाजतात. तो लाकडी हत्ती अजून असेल तर पाहिजे आहे. स्वतःला नको, डॉक्टरांना द्यायचा आहे. जिंकलेल्याने आपल्याजवळची सगळ्यात आवडती वस्तू हरलेल्याला द्यावी, असं कुठल्याशा थोर सेनापतीने केलं होतं म्हणे. मी कपाटातली सगळी पुस्तकं चाळली, मला तरी असा कोणी सापडला नाही. तेव्हा हत्ती माळ्यावर असेल तर शेजारच्यांना सांगून काढून घ्या, स्टुलावर चढू नका, पण घेऊन या. शहाण्यासारखे वागले आहेत, वन्सं. आता देऊन टाका.