टाकीतला थायोसल्फेट-चोर

सोमवार, ३ जून. सकाळ.
लॅबप्रमुखाची जागा रिकामी झाली. माझ्याशिवाय आहे कोण? हिने माहेरी कळवूनही टाकलं. संकल्प: यापुढे एकही आकडा चुकणार नाही.

मंगळवार, ४ जून.
मोठा शोध! दगडातलं सोनं विरघळवायला टाकीत थायोसल्फेट घालतात. प्लँटवाले म्हणतात, लिटरला वीस ग्रॅम घातलं. टाकीतल्या नमुन्याची बाटली लॅबमध्ये येते, ती मी टायट्रेशनने मोजली तर अकराच. बाकीचं नऊ ग्रॅम गेलं कुठे? कोणीतरी हात मारतंय. एवढं पकडलं की जागा आपलीच.

गुरुवार, ६ जून.
बाटली सकाळी नऊ वाजता आली. घाई केली की चुका होतात, म्हणून नेहमीसारखी खिडकीत उन्हात उघडी ठेवली. मुरू दे जरा. चहा, पेपर, जेवण. पाच मिनिटं डोळे मिटले. तीनला मोजलं. नऊच ग्रॅम! चोर धीट होत चाललाय.

शुक्रवार, ७ जून.
नवी केमिस्ट म्हणाली, सर, नमुना लगेच मोजायला हवा, उघडा राहिला की त्यातलं थायोसल्फेट संपत जातं. कालची पोरगी! म्हटलं, बाई, मी वीस वर्षं मोजतोय. वहीत काहीतरी लिहून घेतलं. पटलं असावं.

सोमवार, १० जून.
आठ. साहेबांना चौदा पानी अहवाल दिला. टाकीवर पहारा बसला. तूट भरायला प्लँटवाल्यांनी जास्तीची पोती ओतली. माझ्या शब्दाला केवढं वजन!

बुधवार, १२ जून. साडेतीन.
पोती ओतूनही सात. म्हणजे पहारेकरीही सामील. अरे देवा, किती जणांना पकडू?

शुक्रवार, १४ जून.
साहेबांनी बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. नवी केमिस्ट आधीच हजर. तिने म्हणे टाकीपाशीच उभं राहून मोजलं. अठ्ठावीस! साहेबांनी विचारलं, तुम्ही बाटली भरल्यावर किती वेळाने मोजता? छाती काढून सांगितलं, सहा तासांनी, घाई मला खपत नाही. साहेबांनी कपाळाला हात लावला. भारावले असावेत.

सोमवार, १७ जून.
पत्र आलं. लॅबप्रमुख: नवी केमिस्ट. माझ्याकडे खास जबाबदारी: टाकीवरची बाटली पाच मिनिटांत लॅबमध्ये आणणे. पहारेकऱ्यासमोरून धावताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी जिद्दीने पोचलो. नऊ मिनिटं. प्रमुखबाईंनी घड्याळ बघितलं, बाटली बेसिनमध्ये ओतली आणि अगदी आदराने म्हणाल्या, सर, पुन्हा आणा.