खांद्यामागे वळणारे डोळे

१० फेब्रुवारी
आज सोलापुरात कामावर रुजू झाले. कराडहून निघताना आईने तोंड वाकडं केलं होतं, पण मी खुशीत आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गुरुशांत शेठचा टॉवेलचा कारखाना आहे. त्यांना जाहिरातीसाठी मागांवरच्या कामाच्या छोट्या क्लिप हव्यात, सगळ्या स्लो मोशनमध्ये. राहायला होटगीत काशम्मांची मागची खोली मिळाली. त्या याच कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरतात, म्हणून जाणं-येणं माझ्या स्कूटीवर दोघींचं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाढत म्हणाल्या, "लाजू नको यव्वा, हे तुजंच घर हाय की."

१२ फेब्रुवारी
ॲक्शन कॅमेरा मागाला क्लॅम्पने लावला तर सगळं चित्र थरथरलं. मग तो मागापासून सुटा, खाली टॉवेलची जाड घडी घालून उभा केला. ट्यूबलाइटमध्ये चित्र लुकलुकतं, म्हणून भर दुपारी शटर वर करून उन्हात शूट केलं. सेकंदाला दोनशे चाळीस फ्रेम. काय सुंदर दिसतंय! आडवा धागा नेणारा धोटा पाण्यातल्या माशासारखा सरकतो, कापसाचे तंतू तरंगत राहतात. सयाजी, माग दुरुस्त करणारे जॉबर, स्वतःला बघून लहान मुलासारखे हसले.

१३ फेब्रुवारी
क्लिप जुळवताना काहीतरी विचित्र दिसलं. सयाजी मागावर वाकलेत आणि आजूबाजूचे सगळे कामगार एकाच क्षणी त्यांच्या डाव्या खांद्यामागे बघतात. तिथे कोणी नाही. पापणी लवायच्या आत नजरा परत कामावर, त्यामुळे नेहमीच्या वेगात हे कळतच नाही. वाटलं, वेग कमी करताना सॉफ्टवेअरने मधली चित्रं स्वतःच रचली असतील. मूळ क्लिप फ्रेम फ्रेम तपासली. तीतही तेच. दारातला कुत्रासुद्धा तिकडेच बघतोय. कामगारांना विचारलं, कोणालाच काही आठवत नाही.

१४ फेब्रुवारी
सयाजी गेले. मागाजवळ उभे होते, तिथेच कोसळले. डॉक्टर म्हणाले, हृदय. सकाळी त्यांनीच मला चहा पाजला होता.

१७ फेब्रुवारी
कारखाना पुन्हा सुरू झाला. आज कांड्या भरणाऱ्या बायकांचं शूट केलं. रात्री क्लिप बघितली. सगळ्याजणी काशम्मांच्या खांद्यामागे बघतात. एकट्या काशम्मा कांडीवर नजर ठेवून हसतायत.
त्यांना दाखवलं. मला वेडी म्हणतील असं वाटलं होतं, पण त्यांनी क्लिप दोनदा बघितली. उद्या जाऊ नका, माझ्याजवळ बसा, असं विनवलं. म्हणाल्या, "तू म्हणतीस तर न्हाय जात."

१८ फेब्रुवारी
दिवसभर त्यांच्या पाठीला पाठ लावून बसले. मागे जागाच ठेवली नाही. काही झालं नाही. संध्याकाळी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. दोघी रडलो.

१९ फेब्रुवारी
काशम्मा ठणठणीत. तरी खात्री हवी म्हणून अंगणात त्यांची आणि शेजारणींची क्लिप घेतली. त्यांच्या मागे कोणीच बघत नाही. सुटले म्हटलं.
मग दिसलं. सगळ्याजणी कॅमेऱ्याकडे बघतायत. नाही — कॅमेऱ्याच्या वर. जिथे मी उभी होते. माझ्या डाव्या —

२० फेब्रुवारी
कामावर गेले नाही. पाठ भिंतीला. शेठचा फोन वाजतोय, वाजू दे.
कॅमेरा स्वतःवर लावला. क्लिपमध्ये माझेच डोळे डावीकडे वळतात, मागे — मी वळवले नव्हते —
काशम्मांना हाक मारली. पाठीला पाठ लावून बसा म्हटलं. "आलेच की," म्हणाल्या.
आल्या. दारात उभ्या आहेत. आत येत नाहीत. काय झालं विचारतेय — माझ्याकडे बघतच नाहीत. पापणी लवत नाही. नजर माझ्या खांद्यावरून हळूहळू वर — पण मागे तर भिंत आहे, भिंतीला मी घट्ट — भिंत गार होती, आता ती अंगासारखी उबदार —