अर्ध्या सुताची चूक

कुसगाव, मंगळवार

आदरणीय साडूभाऊ गोरखराव यांना कुसगावहून श्रीपतीचा सप्रेम जय भीम. बबिता अक्कांनाही जय भीम सांगावा. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, आपणही वराळ्यात बरेच असणार (आपण नेहमीच बरे असता, असं आमची संगीता मला दर आठवड्याला ऐकवते). गुडघ्याचं कसं आहे? माझा उजवा खांदा दुखतो, पण तो कामाने दुखतो. आपला गुडघा खुर्चीवर बसून कसा दुखायला लागला ते मला कळलेलं नाही, तरी जपावं. खरं तर फोनच केला असता, पण अक्का फोन लगेच स्पीकरवर टाकतात आणि मग माझं बोलणं तुमच्या सोसायटीचा जिना चढणारा माणूसही ऐकतो. म्हणून हे पत्र.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी आपल्यावर जळत नाही. जळायचं कारणच काय? आपण तीस वर्षं शाळेच्या कार्यालयात दाखल्यांवर शिक्के मारले. मी सत्तावीस वर्षं इथल्या हॉटेलात नळ, पंखे, गिझर आणि दारांच्या बिजागऱ्या सांभाळतोय. दोघांपैकी हत्यार धरणारा माणूस कोण, हे रस्त्यावरचा कुणीही सांगेल. आपल्या सासूबाई तेवढ्या सांगत नाहीत.

गेल्या बुद्धपौर्णिमेला आपण परंदवडीला सासूबाईंच्या दारात तो करवंटीचा दिवा टांगलात. करवंटी घासून घासून तुळतुळीत केलेली, आत चिमुकला बल्ब, आणि बारीक बारीक भोकांनी काढलेलं चोवीस आऱ्यांचं चक्र. बटण दाबलं आणि चक्र समोरच्या भिंतीवर उमटलं. (छान दिसलं. लिहायचं म्हणून लिहितो.) सासूबाईंनी सगळी आळी गोळा केली. "आमच्या थोरल्या जावयानं केलंय. लय बारीक हात हाय त्यांचा," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या. मी त्याच सकाळी त्यांच्या पत्र्यावर चढून दोन ठिकाणची गळती बंद केली होती, पण बंद झालेली गळती भिंतीवर उमटत नाही. मला त्या दिवशी खीर गेली नाही, साडूभाऊ. दोनच वाट्या खाल्ल्या.

आणि तिथेच, सगळ्यांसमोर, माझ्या तोंडून निघून गेलं की पुढच्या पौर्णिमेला या दारात माझा दिवा लागेल, याहून मोठा, चक्र आणि भोवती पिंपळाची पानं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बगू." आपल्याला त्या कधी "बगू" म्हणाल्यात का? वर्षभर तो एक शब्द माझ्याबरोबर ड्यूटीवर येतोय. आता पौर्णिमा तीन आठवड्यांवर आली आहे आणि शब्द दिलेला माणूस मी आहे.

करवंट्यांना तोटा नव्हता, हॉटेलच्या भटारखान्यात रोज पोतंभर निघतात. प्रश्न ड्रिलच्या बिटांचा होता. लोणावळ्याच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानी गेलो, तर त्यांच्याकडचं सर्वांत बारीक बिट एक सुताचं. (आपण शिक्केवाले, म्हणून सांगतो. एका इंचात आठ सूत. सुतार आणि मी सुतात बोलतो, मिलिमीटर शिकलेल्या लोकांसाठी असतात.) चक्राला अर्ध्या सुताचं भोक हवं, हे मी नुसत्या नजरेनं ओळखलं होतं. तरी एक सुताचं एक बिट घेऊन ठेवलं आणि घरी येऊन तेजलला म्हणालो, मोबाइलवरून बारीक बिटं मागव, स्वस्तातली, अर्ध्याची. पोरगी डिप्लोमा झालेली, तळेगावच्या कंपनीत मालाची मापं तपासते. तिने दोन मिनिटांत मागवले आणि मला वाटलं, आता दिवा झालाच.

पार्सल आलं. दोन प्लेट भज्यांच्या भावात दहा बिटं, प्लॅस्टिकच्या नळीत. मी आधी नळी रिकामी आहे असं समजून परत करायला निघालो होतो. चष्मा लावल्यावर आत काहीतरी दिसलं. शेवया बऱ्या, साडूभाऊ, शेवयांना निदान जाडी असते. पण माझ्या मनात शंका आली नाही. मला वाटलं, गोरखराव असल्याच बिटांनी काम करत असणार, म्हणूनच "बारीक हात". आणि त्यांना जमतं ते मला का जमू नये, या एका विचाराने मी कामाला लागलो.

माझ्याकडे हॉटेलचं हॅमर मशीन आहे. ते एका खोलीतून सुरू केलं की शेजारच्या खोलीतलं गिऱ्हाईक तक्रार करायला येतं. त्याच्या चकमध्ये (म्हणजे बिट धरणाऱ्या जबड्यात) बिट बसवलं, तर ते दातांच्या मधून सरळ आत पडलं. मशीन उलटं करून, ठोकून बाहेर काढलं. मग बिटाला दोरा गुंडाळून जाड केलं (म्हणजे शेवटी सूत लागलंच). बटण दाबताच पहिलं बिट करवंटीला न शिवता मोडलं. दुसरं शिवलं आणि मोडलं. तिसऱ्याने भोक पाडलं, पण "झालं" म्हणायच्या आत ते आतच राहिलं, अजून आहे. चौथं आणि पाचवं माझ्या रागापायी गेली. सहावं टीपॉयच्या काचेवर घरंगळवून पाहिलं, तर ते मुळातच वाकडं. सातव्याचा तुकडा केर काढताना संगीताच्या टाचेत गेला आणि तिथून पुढे मला मशीनसकट गॅलरीत बसवण्यात आलं.

तेजल कामावरून आली, तुकडे हातात घेऊन म्हणाली, "बाबा, अर्धा मिलीमीटर असाच मोडणार." मी म्हणालो, "मिलीमीटर कोण बोललं? अर्धा सूत." त्यावर तिने विचारलं, "सूत म्हणजे?" तिच्या डिप्लोम्यासाठी मी चार वर्षं जादा पाळ्या केल्या आहेत. पण ते जाऊ दे. तिने हिशेब करून दीड मिलीमीटरची नवी बिटं मागवली, ती आली, आणि ती मोडलीही नाहीत. मी एका बैठकीत चक्र काढलं. पंधराव्या आऱ्याला जागा संपली. पिंपळपानं काढायला गेलो ती एकमेकांवर चढली. संगीताने दिवा लावून पाहिला आणि म्हणाली, "सूर्यफूल छान झालंय."

तर सांगायचं एवढंच, की बारीक भोकं पाडणं हे निवृत्त, रिकाम्या माणसाचं काम आहे आणि ज्याला खरी कामं आहेत त्याने त्यात पडू नये, असं माझं मत झालं आहे. आपल्याबद्दल मनात काही नाही. पौर्णिमेला भेटूच. अक्कांना पुन्हा जय भीम.

आपला धाकटा साडू,
श्रीपती

ता. क. माझा शेजारी हनुमंत विचारत होता, की आपण नेमकं कुठलं मशीन वापरता आणि चोवीस आरे समान अंतरावर कसे आखता. त्याला फार उत्सुकता आहे. पत्राने कळवलंत तर मी त्याला देईन.

ता. क. २. हनुमंताला काहीही उत्सुकता नाही. त्याला करवंटी म्हणजे काय हेही नीट ठाऊक नसेल. आता लिहितोच. गेल्या रविवारी मी परंदवडीला नळाचा वायसर बदलायला गेलो होतो. सासूबाई शेजारी गेलेल्या. आपला दिवा दारात लटकत होता. कसा केलाय ते एकदा हातात घेऊन पाहावं म्हणून उतरवला. खिशात ते एक सुताचं बिट होतं, ते छिद्रात जातं का बघावं म्हणून टेकवलं आणि नुसतं बोटांनी फिरवलं. फिरवताना आपलंच तोंड डोळ्यांसमोर असेल कदाचित, कारण जरा जोर लागला. करवंटी या आऱ्यापासून त्या आऱ्यापर्यंत तडकली. चिकटवली आणि तड भिंतीकडे करून टांगून आलो. साडूभाऊ, पौर्णिमेच्या आत तसाच दुसरा दिवा करून द्या. करवंट्या मी पाठवतो. हे अक्कांना सांगू नका, संगीताला तर नकोच.

ता. क. ३. पत्र पाकिटात घालायचं राहिलं होतं, तेवढ्यात आज परंदवडीहून बोलावणं आलं, म्हणून हे वाढवतो. सासूबाईंना तड दिसली आहे. मला चहा देत म्हणाल्या, "गोरखरावांच्या कामात आता पयल्यावानी दम ऱ्हायला न्हाई, पावनं. वरसात तडकलं बगा." या वाक्याची मी अकरा वर्षं, म्हणजे तुम्ही सोसायटीत घर घेतल्यापासून, वाट पाहत होतो. पण प्रत्यक्ष ऐकलं आणि गोड वाटलं नाही. आपण नसताना आपल्याला नाव ठेवलेलं मला सहन होईना, याचं मलाच नवल वाटलं. मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगून टाकलं, बिट, छिद्र, चिकटवणं, सगळं. कुणी विचारलं नव्हतं, भाग पाडलं नव्हतं. आयुष्यात एवढी एक गोष्ट मी पूर्णपणे स्वतःच्या हिमतीवर केली. सासूबाईंनी कप पुन्हा माझ्यापुढे सरकवला. मग माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "खरं बोलला, लय बरं वाटलं. गोरखरावांचा गुण लागला म्हनायचा तुमास्नी."

करवंट्या घेऊन रविवारी वराळ्याला येतो आहे. मशीन आपलंच काढून ठेवा.