चार खुर्च्यांपैकी एक

मी, खाली सही करणारी, वकिलांच्या कचेरीतून निवृत्त झालेली टंकलेखिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मी रागात आहे, हे खरे. पण इतरांची मृत्युपत्रे टाइप करण्यात हयात गेल्यामुळे मला ठाऊक आहे की रागावलेला माणूस कायद्याने वेडा ठरत नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात ह्यांच्या खुर्चीचे एक कलम होते, आणि ते आता कोणालाही अमलात आणता येणार नाही. का, ते कलम तीनमध्ये येईल.

कलम एक. राहते घर आणि बँकेतली ठेव मुलगा व मुलगी यांना निम्मी-निम्मी. मुलगा म्हणेल, ती परगावी असते, एका रात्रीपुरती येते आणि सकाळी पिशवी उचलून चालू लागते. येत असेल. हिस्सा मुक्कामावर ठरत नाही.

कलम दोन. शिवणयंत्र शेजारणीला. तिने ते 'दोन दिवसांसाठी' म्हणून केव्हाच नेले आहे, तेव्हा ताबा मिळवायला तिला खटपट पडणार नाही.

कलम तीन. जेवणाचे टेबल आणि चार खुर्च्या.

संसार मांडला तेव्हा आम्ही हे टेबल आणि हातांच्या चार खुर्च्या सुताराकडून करून घेतल्या. एकच लाकूड, एकच माप. त्यांतली एक ह्यांची. हे अबोल. भांडण झाले की मी बोलायची आणि हे खुर्चीच्या उजव्या हातावर अंगठा घासत बसायचे. मी बोलणारी आणि संसार लांबलेला, तेव्हा त्या लाकडात अंगठ्याएवढा खळगा पडला. ह्यांची बाजू मला कधी ऐकू आली नाही. जी काही होती ती त्या खळग्यात आहे.

हे गेल्यावर लेक एवढेच म्हणाली, "आई, मला बाकी काही नको. बाबांची खुर्ची तेवढी दे." मी हो म्हटले.

मग मी बहिणीकडे राहायला गेले आणि इकडे सूनबाईला हौस सुचली. चांगले फर्निचर मुद्दाम जुनाट दिसेल असे करायची एक टूम निघाली आहे. आधी कडांना मेणबत्ती घासायची, वर रंग द्यायचा, मग तोच रंग पॉलिश पेपरने खरवडून काढायचा. सायकलची चेन आपटून टवके पाडायचे. बारीक खिळ्याने भोके पाडायची, म्हणजे कीड लागल्यासारखे दिसते. कीड लागू नये म्हणून मी जन्मभर जिवाचे रान केले, आणि हिने ती खिळ्याने लावली.

परत आले तर टेबलाभोवती चार पांढरट, खरचटलेल्या खुर्च्या. सूनबाई हसत पुढे आली.

"आई, कुठेही घासलं ना, की खोटं दिसतं. हात जिथे लागतो तिथेच झिजायला हवं. म्हणून बाबांची खुर्ची समोर ठेवली आणि बाकीच्या तीन अगदी तशाच केल्या."

गोल कानशीने तिने तिन्ही खुर्च्यांच्या उजव्या हातावर खळगा पाडला होता. हुबेहूब. मग चारी एकसारख्या दिसाव्यात म्हणून चारींना एकच रंग आणि एकच घासणी.

"बरं," मी म्हटले. "ह्यांची कुठली?"

तिने एकीकडे बोट केले. मग दुसरीकडे नेले. मग हात मागे घेतला.

ह्यांची खुर्ची कुरकुरायची, म्हणून मी चारही हलवून पाहिल्या. "कुरकुरत होती ती मी घट्ट केली," सूनबाई हळूच म्हणाली. कामसू मुलगी, काही म्हणून शिल्लक ठेवले नाही. सुताराला बोलावले. त्याने चारही उलट्या करून पाहिल्या आणि म्हणाला, "बाई, रंग तासायला गेलो तर खळगाही जाईल. कोण बसलं होतं ते लाकूड काही सांगत नाही." शेजारीण डोकावली. "काकू, अगदी जुन्यासारख्या दिसतात हो." मी म्हटले, जुन्याच होत्या.

सूनबाई रडली. तिच्या मनात वाईट नव्हते, हे मी लेखी देते. खरा राग मला मुलाचा आला. तो म्हणाला, "आई, कुठलीही एक देऊन टाक. तिला काय कळणार आहे?" कळणार नाही म्हणूनच फसवायचे नसते. हे ज्याला एवढा मोठा होऊन उमजले नाही त्याच्या नावे मी निम्मे घर करते आहे. आईचे काळीज, दुसरे काय.

लेकीला चारही द्याव्यात, तर तिच्या खोलीत एकच मावते. एक द्यावी आणि ती ह्यांची नसली, तर पोर जन्मभर कानशीने केलेल्या खळग्यात अंगठा ठेवून बापाला आठवत बसेल. ते मला मेल्यावरही सहन होणार नाही.

सबब, चारही खुर्च्या लेकीच्या मालकीच्या, पण राहतील याच घरात, याच टेबलाभोवती. त्या विकू नयेत, वाटू नयेत आणि आणखी जुन्या करू नयेत. टेबल सूनबाईला. तिची कानस, चेन आणि उरलेला पॉलिश पेपर माझ्या कपाटात जप्त आहेत, ते तिला परत द्यावेत. वापर अन्यत्र करावा.

हल्ली मी पाळीने बसते. आज एका खुर्चीवर, उद्या शेजारच्या. खळग्यात अंगठा ठेवते, काही कळत नाही, चिडचिड होते. पण चौथ्या दिवसापर्यंत एकदा तरी मी ह्यांच्या खुर्चीवर बसून उठलेली असते, एवढे नक्की. तो दिवस कोणता ते समजत नाही, म्हणून चारही दिवस जरा तोंड सांभाळून बोलते.

लेकीलाही हीच अट. एका रात्रीपुरते येणे यापुढे चालणार नाही. येईल तेव्हा चार दिवस राहावे आणि रोज एकेका खुर्चीवर बसून जेवावे. मुलाने व सूनबाईने तिला घाई करू नये.

वाटणीत ज्यांचे नाव आहे त्यांची सही साक्षीला चालत नाही, म्हणून साक्षीदार बाहेरचे.

साक्षीदार: १. सुतार (सही). २. आमचे डॉक्टर, माझी शुद्ध तपासून (सही).

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल.

दिनांक: वीस ऑगस्ट, शनिवार.

लिहून ठेवणारी: (सही), खिडकीकडच्या खुर्चीवर बसून. ही ह्यांची असेल, तर वरील सर्व मजकुराला ह्यांचीही संमती समजावी.